काना-मात्रा फुकट

राबोडीतलं माझं दुकान आता अर्धं झेरॉक्सवाल्याकडे आहे.
फ्लेक्स आल्यापासून ब्रश भिजतो
तो फक्त टेम्पोच्या पाठीवर 'आईचा आशीर्वाद' लिहायला.
मे संपता संपता शहापूरकडून फोन:
हाताने रंगवलेल्या पाट्या हव्यात, सागाच्या फळीवर,
बघणाऱ्याला गाव वाटलं पाहिजे.
भाव ठरला: अक्षराला बारा रुपये,
काना-मात्रा फुकट.

कुड्याचा पाडा. एकवीस घरं.
शाळेच्या ओट्यावर बैठक, मी कडेला फळ्या घासत.
ठाण्याच्या संस्थेची मृण्मयी, मांडीवर लॅपटॉप;
समोर गोमा पादीर, बुधीबाई आगिवले
आणि बचत गटाच्या सात जणी, पदर दातात धरून.
पाहुणे कोण आणणार, पैसा कुणाच्या खात्यात,
साठ-चाळीस की पासष्ट-पस्तीस,
चहा दोनदा झाला तरी काटा हलेना.
मग बुधीबाईने ओटीतून दहा चिंचोके काढले,
शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडले
आणि तीन बोटाने सरकवले लॅपटॉपकडे.
"चूल आमची, वाट आमची,
कुणाला सरप डसला तर तो पण आमचाच."
मृण्मयी त्या तीन चिंचोक्यांकडे बघत राहिली,
मग काहीतरी खोडलं, काहीतरी टाईप केलं.

आता नावं.
संस्थेच्या कागदावर 'व्हॅली व्ह्यू पॉइंट'.
गोमा म्हणाला, ही तर म्हशीची उडी.
कुणाची म्हैस? का उडी?
"माझ्या आज्याची. घाबरली नाय ती, कंटाळली."
सहाची पाच अक्षरं झाली, माझे बारा रुपये गेले.
'हिडन वॉटरफॉल'चा झाला नणंदेचा डोह.
चोवीस गेले.
का नणंदेचा, ते विचारलं मी.
सातही जणी एकदम हसल्या
आणि कुणीच सांगितलं नाही.

राहिली शेवटची फळी,
हिरड्यांच्या राईशी रोवायची, 'काजवा दर्शन स्थळ'.
आठ भरदार अक्षरं. पांढरा हात मारून झाला होता,
खडूने रेघाही ओढल्या होत्या.
बुधीबाई म्हणाली, हितं नको.
मृण्मयी म्हणाली, लोकांना कळायला नको का?
"पाटी वाचायला उजेड लागतो, बाय.
बॅटऱ्या मारतील वाचायला.
मग काजवा कशाला थांबतोय?
माणूस जाईल संगती. हात धरून नेईल."
कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
चौतीस वर्षं मी दुरून दिसेल असंच लिहीत आलोय.
मीही नाही बोललो.
गोमाने चुलीतला कोळसा आणला
आणि माझा पांढरा हात काळा केला.

संध्याकाळी बुधीबाई आपल्या दाराची एक पाटी मागायला आली.
काय लिहू? जेवण काय काय मिळेल?
"जे असेल ते मिळेल."
तेच लिहिलं.
पैसे म्हणून तिने नाचणीची भाकरी आणि ठेचा ठेवला पुढ्यात,
आणि ओल्या रंगातल्या 'ळे'च्या मात्रेवर बोट टेकवून विचारलं,
ह्याचे किती?

रात्री मला नेलं, पाहुणा नंबर एक.
मोबाईल घरी ठेवून घेतला होता.
गोमाचं मनगट, पालापाचोळा, एक ओढ,
मग तो थांबला म्हणून मी थांबलो.
अंदाजाने हात पुढे केला तर लागली ती फळी,
खरखरीत, कोळशाची.
एक काजवा तिच्यावरच बसलेला,
पेटत, विझत,
बरोबर तिथे, जिथे मी खडूने
'का' काढणार होतो.